समुद्र नसलेल्या देशाची माती

भूगोल हा शाळेत पाठ करावयाचा विषय आहे, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः शेतीइतका भूगोलावर अवलंबून असणारा दुसरा धंदा नाही. जमिनीची उंची, तिचा उतार, तिच्याखालचा खडक आणि तिच्यावर पडणारा पाऊस ह्या चार गोष्टी ठरल्या की, पीक कोणते येणार आणि माती किती वर्षे टिकणार हे बहुतांशी ठरून जाते. ‘बहुतांशी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. उरलेला भाग माणसाच्या हाती असतो, आणि तो थोडासा उरलेला भागच गावाचे भवितव्य ठरवितो, असे माझे मत आहे. हे मत शेतकरी बंधू-भगिनींस व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस पटवून देण्यासाठी ह्या लेखात इथिओपिया देशाचे उदाहरण घेतले आहे.

हा देश आपणांस वाटतो तितका परका नाही. जुन्या मराठीत ज्यांस हबशी म्हणत ते मूळचे तेथलेच. जंजिऱ्याच्या मुलखास हबसाण हे नाव त्यांच्यामुळेच पडले. जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरविणारा आणि खडकी शहरास, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहरीने पाणी देणारा मलिक अंबर त्याच देशात जन्मला होता. आपल्या शेतातील नाते तर ह्याहूनही जुने आहे. नाशिक, अहिल्यानगर व पालघरच्या डोंगरपट्ट्यात पिकणारे कारळे, ज्यास कोठे खुरासणी असेही म्हणतात, ते मूळ इथिओपियाच्या उंच प्रदेशातील होय. आजही जगात हे पीक मोठ्या प्रमाणावर मुख्यतः तो देश आणि आपला देश ह्या दोन ठिकाणीच होते. नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात आहे आणि ज्वारीही ईशान्य आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली. अर्थात ज्या मातीने आपणांस ही पिके दिली, त्या मातीची आज काय स्थिती आहे हे जाणून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

देशाची ठेवण

इथिओपिया विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 3 ते 15 अंशांच्या दरम्यान वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 11 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीन पट भरते. सर्व देश उष्ण कटिबंधात असला, तरी त्याचा मध्यभाग समुद्रसपाटीपासून दीड ते तीन हजार मीटर उंच उचललेला आहे. राजधानी अदिस अबाबा ही सुमारे 2,350 मीटर उंचीवर आहे. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उंची किती हे समजेल. उत्तरेकडील रास दाशेन हे तेथील सर्वोच्च शिखर साडेचार हजार मीटरांहून अधिक उंच आहे. तर ईशान्येकडील दानाकिल हा खोलगट प्रदेश समुद्रसपाटीच्याही खाली शंभर मीटरहून अधिक खोल गेलेला आहे. एकाच देशात इतका चढउतार क्वचितच आढळतो.

हा उंच प्रदेश कसा तयार झाला, हे आपल्या वाचकांस समजावयास सोपे आहे. कारण आपला दख्खनही तसाच घडला. जमिनीला भेगा पडून त्यांतून पातळ लाव्हा वाहत आला, थरावर थर साचले आणि त्यांचा काळा खडक झाला. दख्खनचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, तर इथिओपियाचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. ह्या थरांमुळे सह्याद्रीला जशा पायऱ्या पडल्या, तशाच तेथील डोंगरांसही पडल्या आहेत. माथा सपाट आणि कडे तुटलेले, अशा तेथील डोंगरांस ‘अंबा’ म्हणतात. आपल्या डोंगरी किल्ल्यांप्रमाणेच त्यांवरही किल्ले होते.

ह्या उंच प्रदेशास नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे एक मोठी खचदरी चिरीत गेली आहे. जमिनीचे कवच ताणले जाऊन मधला पट्टा खाली बसला, आणि त्यात सरोवरांची एक ओळ तयार झाली. दरीच्या दोन्ही अंगांस डोंगर उभे आहेत. पूर्वी ह्या देशास तांबड्या समुद्राचा किनारा होता. 1993 मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इथिओपियाचा किनारा संपला. आता त्याच्या भोवती सहा देश आहेत आणि त्याचा बहुतेक माल जिबुती ह्या छोट्या देशाच्या बंदरातून येतो-जातो.

बंदर नसणे ही गोष्ट व्यापाऱ्याची आहे, शेतकऱ्याची नव्हे, असे कोणी म्हणेल. हा समज चुकीचा आहे. बंदरावर उतरलेली खताची गोणी प्रथम वाळवंट ओलांडून आणि मग दोन हजार मीटर चढून शेतकऱ्याच्या दारी यावयाची असते. प्रत्येक घाटात तिची किंमत वाढते. ज्या देशास बाहेरून सुपीकता आणणे इतके महाग पडते, त्याने घरची सुपीकता घालविणे म्हणजे दुहेरी नुकसान होय. देश समुद्रापासून जितका दूर, तितकी त्याची स्वतःची माती अधिक मोलाची, असा माझा हिशेब आहे. आपल्याकडे रेल्वेच्या धक्क्यापासून दूर असलेल्या डोंगरी गावांसही हाच हिशेब लागू पडतो.

उंचीप्रमाणे शेती

इथिओपियाचा शेतकरी नकाशा पाहून शेती करीत नाही. तो उंची पाहून करतो. पिढ्यानपिढ्या त्याने देशाचे पट्टे पाडलेले आहेत. सुमारे 1,500 मीटरपर्यंतच्या उष्ण पट्ट्यास तो ‘कोला’ म्हणतो. तेथे ज्वारी व मका होतो. 1,500 ते 2,300 मीटरचा समशीतोष्ण पट्टा म्हणजे ‘वोइना देगा’. टेफ नावाचे बारीक धान्य, मका, कॉफी आणि केळीसारखे दिसणारे पण कंद व खोडातील पिठूळ गरासाठी लावलेले एन्सेट ही येथील पिके होत. त्याच्या वर ‘देगा’. तेथे गहू, सातू, घोडावाल व वाटाणा. त्याहून वर सातू आणि गवत एवढेच. हजार मीटर चढल्यावर सुमारे सहा अंशांनी उष्णता कमी होते, हा शास्त्रातील नियम त्या शेतकऱ्याने पुस्तकाविना ओळखला होता. टेफचे पीठ आंबवून त्याची आंबोळीसारखी मोठी पोळी करतात. तीस इंजेरा म्हणतात, आणि तेच तेथील बहुसंख्य लोकांचे रोजचे अन्न आहे.

पाऊसही उंचीप्रमाणे बदलतो. मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. त्याआधी फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत काही भागांत लहान पाऊस असतो, पण तो बेभरवशाचा. नैर्ऋत्येच्या डोंगरांत वर्षाला 1,800 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तर ईशान्येच्या सखल प्रदेशात 200 मिलिमीटरही मिळत नाही. आपल्याकडे सह्याद्रीचा माथा आणि माण-खटाव ह्यांमध्ये जो फरक आहे, त्याच जातीचा, पण अधिक मोठ्या प्रमाणावरचा, हा फरक आहे.

सखल भाग उष्ण, कोरडा व हिवतापाचा; उंच भाग थंड, पावसाचा व निरोगी. साहजिकच माणसे वर राहिली. दीड हजार मीटरच्या वरील जमीन देशाच्या निम्म्याहून कमी आहे. पण पाचापैकी सुमारे चार माणसे तेथेच राहतात. आज देशाची लोकसंख्या 12 कोटींच्या वर गेली आहे, आणि गुराढोरांची संख्या आफ्रिकेत सर्वाधिक आहे. इतकी माणसे आणि इतकी जनावरे उतारांवर एकत्र आली म्हणजे काय होते, हे आता पाहू.

माती का जाते

माती वाहून जाते ती केवळ डोंगर आहे म्हणून नव्हे. ती जाते, कारण जोराच्या पावसात जमीन उघडी असते. इथिओपियाच्या उंच प्रदेशात हा योग दरवर्षी जुळून येतो. टेफचे दाणे खसखशीइतके बारीक असतात. त्यासाठी जमीन अगदी भुसभुशीत करावी लागते. तेथील नांगर, ज्यास ‘मरेशा’ म्हणतात, तो आपल्या जुन्या लाकडी नांगरासारखा आहे. लोखंडी फाळ जमीन उकरतो, पण उलटवीत नाही. म्हणून शेत तीन-तीन, पाच-पाच वेळा नांगरावे लागते, आणि प्रत्येक नांगरट आधीच्या नांगरटीस आडवी घ्यावी लागते. उतारावर आडव्या नांगरटीवर उभी नांगरट पडली की, प्रत्येक तास हा पाण्याचा पाट होतो. पेरणी जुलैत, म्हणजे पावसाच्या ऐन भरात होते. सर्वांत जास्त पाऊस पडतो तेव्हा शेतावर पान नसते आणि माती पिठासारखी झालेली असते.

दुसरे कारण चुलीचे आहे. झाडे कमी झाल्यामुळे शेणाच्या गोवऱ्या जाळल्या जातात. शेण चुलीत गेले की जमिनीस खत मिळत नाही. खत नाही म्हणून मातीचे कण एकमेकांस धरून राहत नाहीत. आणि सुटी माती पहिल्या सरीबरोबर निघून जाते. तिसरे कारण चराईचे. पीक निघाले की सर्व गावाची गुरे सर्व शेतांत व डोंगरांवर मोकळी सुटतात. धसकटे खाल्ली जातात, नवी रोपे तुडविली जातात, आणि उन्हाळ्याच्या शेवटी उतार बोडका होतो.

1980 च्या दशकात तेथे झालेल्या मोजणीवरून, लागवडीखालील उतारांवरून दर हेक्टरी वर्षाला सरासरी सुमारे 40 टन माती जाते असा अंदाज करण्यात आला. ह्या आकड्याचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचा तर असा की, एका हेक्टरातून दरसाल चार मोठे ट्रक भरून माती निघून जाते. ती भरणारा कोणी नाही, ती नेण्याचे भाडे कोणी देत नाही, आणि ती परत आणणारा तर कोणीच नाही.

ही माती जाते कोठे? ताना सरोवरातून निघणारी निळी नाईल हजार मीटरहून खोल दरीतून वळसा घेत सुदानात उतरते आणि खार्टूम येथे पांढऱ्या नाईलला मिळते. इजिप्तला पोहोचणाऱ्या नाईलच्या पाण्यापैकी सुमारे 85 टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांवरचे असते. इजिप्तच्या शेतांवर हजारो वर्षे जो गाळ पसरला, तो मुख्यतः ह्याच डोंगरांची माती होय. 1970 मध्ये आस्वानचे उंच धरण पुरे झाल्यापासून तो गाळ धरणात अडकतो. सुदानात निळ्या नाईलवर 1966 मध्ये रोझिरेस धरण झाले. त्याची साठवणशक्ती काही दशकांत सुमारे एक तृतीयांशाने घटली आणि पुढे भिंतीची उंची वाढवावी लागली. ते काम 2013 मध्ये पुरे झाले. एका देशाच्या उतारावर बांध घातला नाही, म्हणून दुसऱ्या देशास धरणाची भिंत वाढवावी लागली. सप्टेंबर 2025 मध्ये इथिओपियाने स्वतः निळ्या नाईलवर बांधलेल्या प्रचंड धरणाचे उद्घाटन केले. आता वरचा गाळ त्याच्याच जलाशयात येईल. धरणाचे आयुष्य धरणाच्या भिंतीवर नव्हे, तर वरच्या डोंगरातील शेतकऱ्याच्या नांगरावर अवलंबून असते, हे ह्यापुढे तेथील राज्यकर्त्यांस स्वतःच्या घरात पाहावे लागेल.

हे प्राक्तन आहे काय?

इतके वाचल्यावर कोणी म्हणेल की, डोंगराळ देश, मुसळधार पाऊस, वाढती माणसे. ह्यात माती टिकणे अशक्यच. हे मत मला मान्य नाही, आणि ते खोडून काढणारा एक पुरावा मुंबईशी जोडलेला आहे.

1867-68 मध्ये इंग्रजांनी त्या वेळच्या अॅबिसिनियावर स्वारी केली. मुंबई लष्कराचे सेनापती नेपियर हे तिचे प्रमुख होते, आणि सैन्याचा मोठा भाग मुंबई बंदरातून निघाला होता. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरून ते सैन्य डोंगर चढून मग्दला ह्या किल्ल्यापर्यंत गेले. त्या स्वारीबरोबर छायाचित्रकार होते. त्यांनी वाटेतील डोंगर, गावे व शेते ह्यांची छायाचित्रे घेतली. सुमारे 140 वर्षांनी बेल्जियन व इथिओपियन संशोधकांनी त्याच जागी उभे राहून पुन्हा छायाचित्रे घेतली आणि जोड्या लावून पाहिल्या. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांस असे दिसले की, 1868 मध्येही ते डोंगर पुष्कळ ठिकाणी बोडकेच होते, आणि मधल्या काळात माणसे कित्येक पटींनी वाढूनही अनेक ठिकाणी झाडोरा पूर्वीपेक्षा अधिक व जमिनीची निगा अधिक चांगली झालेली आहे.

ह्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. माणसे वाढली म्हणजे डोंगर उजाड होणारच, हा नियम नव्हे. डोंगर उजाड होतो तो निगा सुटल्यामुळे, आणि पुन्हा हिरवा होतो तो निगा घेतल्यामुळे. प्रश्न फक्त एवढाच उरतो की, ही निगा कोणी घ्यावयाची आणि कोणाच्या इच्छेने घ्यावयाची. माझ्या मते सर्व विषयाचे मर्म ह्या प्रश्नात आहे.

हुकमाचे बांध आणि गावाचे बांध

1973-74 मध्ये वोलो प्रांतात मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमारास, 1972 मध्ये, आपल्या महाराष्ट्रातही भीषण दुष्काळ होता. आपल्याकडे लाखो लोकांस दुष्काळी कामांवर घेण्यात आले आणि त्या अनुभवातून पुढे 1977 चा रोजगार हमीचा कायदा झाला. इथिओपियात तत्कालीन बादशाही सरकारने दुष्काळ झाकण्याचा प्रयत्न केला आणि 1974 मध्ये ते सरकार उलथून पडले. त्यानंतर आलेल्या लष्करी राजवटीत परदेशांतून आलेले धान्य मजुरीदाखल देऊन उतारांवर हजारो किलोमीटर बांध घालण्यात आले आणि कोट्यवधी रोपे लावण्यात आली. कामाचा आकार पाहिला तर ते जगातील मोठ्या मृद्संधारण कार्यांपैकी एक होते.

पण 1990-91 च्या सुमारास राजवट कोसळू लागली, तेव्हा शेतकऱ्यांनी पुष्कळ ठिकाणी ते बांध मोडले आणि झाडे तोडली. ते अडाणी होते म्हणून नव्हे. बांधाची जागा ठरविताना त्यांस विचारले नव्हते. बांधांनी पेरणीची जमीन व्यापली, बैलजोडी वळविण्यास जागा उरली नाही, दगडांत उंदीर झाले. डोंगर बंद केले तेव्हा गुरांच्या चाऱ्याची सोय केली नाही. शिवाय 1975 पासून जमीन सरकारी मालकीची झाली होती आणि तिची वाटणी पुन्हा पुन्हा बदलत असे. पुढील वर्षी हे शेत आपल्याकडे राहील की नाही हे ज्यास ठाऊक नाही, तो बांधाची डागडुजी कशासाठी करील? पुढे 1998 पासून टिग्राय प्रांतात व नंतर इतर प्रांतांत वहिवाटीचे दाखले देण्यास आरंभ झाला. तेव्हा दाखला मिळालेले शेतकरी बांधांवर अधिक कष्ट घेऊ लागल्याचे पाहणीत आढळले.

ह्याच्या उलट दक्षिणेतील कोन्सो लोकांचे उदाहरण पाहावे. कोरड्या व खडकाळ डोंगरांवर त्यांनी दगडी तालींच्या पायऱ्या रचून शेती केली आहे. काही ताली पाच मीटरपर्यंत उंच आहेत. चारशे वर्षांहून अधिक काळ, वीस पिढ्यांच्या वर, त्या टिकून आहेत. 2011 मध्ये ह्या प्रदेशाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. तेथे बांधकामाचे धान्य कोणी दिले नव्हते. ताल ढासळली तर ती रचण्यासाठी हाक द्यावयाची आणि सर्वांनी जावयाचे, ही तेथील रीत आहे. बांध हे बांधून संपणारे काम नसून सांभाळावयाचे काम आहे, हे त्या लोकांनी ओळखले.

उत्तरेकडील टिग्रायमध्ये 1991 नंतर तिसरा मार्ग दिसला. सुगी आटोपल्यावर प्रत्येक धडधाकट प्रौढाने वर्षातील काही दिवस बिनमोल श्रमदान करावयाचे, माथ्यावर चर व दगडी बांध घालावयाचे, आणि काही डोंगर चराईस बंद करावयाचे असे ठरले. त्या श्रमदानातही सक्तीचा काही अंश होता, हे खरे. परंतु कोणता डोंगर बंद करावयाचा आणि तेथील गवत कोणी कापून न्यावयाचे, हे बहुधा गावच्या बैठकीत ठरे. अब्रेहा वे अत्स्बेहा ह्या गावी उजाड उतार पुन्हा हिरवे झाले, विहिरींचे पाणी वर आले आणि फळझाडे उभी राहिली. 2012 मध्ये ह्या गावास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे पारितोषिक मिळाले. 2020 ते 2022 ह्या काळातील यादवी युद्धाने टिग्रायची फार हानी केली आणि पुष्कळ झाडेही सरपणासाठी गेली. पण ज्या गावांस डोंगर हिरवा करण्याची विद्या अवगत झाली आहे, ती गावे ती विद्या विसरणार नाहीत, अशी आशा वाटते.

काळ्या जमिनीचा धडा

इथिओपियात आपल्यासारख्या खोल काळ्या जमिनीही विपुल आहेत. भर पावसात त्या चिकट होतात, पाणी तुंबते आणि मुळ्या गुदमरतात. म्हणून तेथील शेतकरी पावसाळा सरत आल्यावर पेरणी करतो आणि हरभरा, लाख अशी पिके जमिनीतील ओलीवर घेतो. आपल्या सोलापूर भागातील रब्बी ज्वारीची पद्धत ह्याच जातीची आहे. इनेवारी ह्या भागात तर स्त्रिया व मुले हातांनी माती ओढून रुंद वरंबे तयार करीत आली आहेत, म्हणजे जादा पाणी सऱ्यांतून निघून जावे. हैदराबादजवळील पटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने 1970 च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसविली. 1980 च्या दशकात इथिओपियात दोन मरेशा नांगर जोडून बैलांनी ओढावयाचे वरंब्याचे अवजार तयार झाले, त्यात ह्या कामाचा वाटा होता. तेच तत्त्व आज आपल्याकडे सोयाबीनच्या पेरणीत ‘बीबीएफ’ ह्या नावाने आले आहे.

येथे एक भेद ध्यानी धरावा. उथळ मुरमाड उतारावर पाणी अडवावयाचे असते. खोल काळ्या जमिनीत ते हळूहळू बाहेर काढावयाचे असते. आपल्याकडेही खोल काळ्या जमिनीत समतल बांध घातले तेथे पाणी साचून पिके पिवळी पडली, बांध फुटले, आणि शेवटी शेतकऱ्यांनी ते नांगरून टाकले. अशा जमिनीस ढाळीचे बांध व सुरक्षित सांडवा हवा. एकच आराखडा सर्व गावास लावणे म्हणजे भूगोल न वाचणे होय.

आपण काय करावे

ह्या सर्वांवरून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांपुढे मी काही गोष्टी आग्रहाने मांडू इच्छितो.

काम माथ्यापासून सुरू करावे. खाली नाला बांध लवकर दिसतो व त्याचे छायाचित्र चांगले येते; पण वरचा उतार उघडा ठेवून घातलेला नाला बांध तीन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो. रोझिरेसचे जे झाले, तेच लहान प्रमाणावर आपल्या ओढ्यात होते.

बांधाची रेषा आखताना शेताचा मालक किंवा वहिवाटदार उपस्थित असलाच पाहिजे. औत कोठे वळते, पाणी कोठून येते, कोणत्या कोपऱ्यात ते तुंबते, हे त्यास यंत्रापेक्षा चांगले ठाऊक असते. त्याच्या संमतीशिवाय घातलेल्या बांधाचे मोजमाप वहीत राहते, शेतात राहत नाही.

चराईबंदीचा ठराव चाऱ्याच्या सोयीशिवाय करू नये. हिवरे बाजारसारख्या गावांत चराईबंदी टिकली, कारण ती गावाने स्वतः पाळली आणि कापून नेलेल्या गवताचा लाभ घराघरांत पोहोचला. ज्याच्याकडे दोन शेळ्यांशिवाय दुसरे काही नाही, त्याचा विचार ठरावात प्रथम झाला पाहिजे. नाहीतर कुंपण रात्री मोडेल, आणि तो दोष त्याचा नसेल.

लावलेल्या रोपांची नव्हे, तर तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांची संख्या मोजावी. जुलै 2019 मध्ये इथिओपियाच्या शासनाने एकाच दिवसात 35 कोटींहून अधिक रोपे लावल्याचे जाहीर केले. आपल्याकडेही असे आकडे जाहीर होतात. खड्ड्यात रोप लावणे हे एका दिवसाचे काम आहे. त्यास दोन उन्हाळे जगविणे हे खरे काम आहे.

आणि शेतकरी बंधू-भगिनींस एवढेच सांगावयाचे की, पहिल्या मोठ्या पावसात आपली जमीन उघडी नसावी. उताराला आडवी मशागत, आडवी पेरणी, बांधावर गवत, आणि होईल तेथे धसकटे व काडीकचऱ्याचे आच्छादन ह्यांस फार खर्च येत नाही. शेणाची गोवरी करण्याआधी ते शेण उकिरड्यात गेले तर जमिनीचे किती कल्याण होईल, ह्याचाही विचार करावा.

इथिओपियास समुद्र नाही, आणि तो त्यास हवा तेव्हा मिळणार नाही. डोंगर तेथे राहणार आणि पाऊस त्याच चार महिन्यांत पडणार. ह्यांपैकी काहीही शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु पावसाचा थेंब जमिनीवर पडल्यापासून ओढ्यास मिळेपर्यंतचे अंतर मात्र त्याच्या आणि त्याच्या गावाच्या हाती आहे. कोन्सोच्या डोंगरावरही तेवढेच हाती होते आणि आपल्या गावच्या शिवारातही तेवढेच आहे. यंदा सुगीनंतर गावची बैठक भरेल, तेव्हा शिवाराचा नकाशा समोर पसरून पहिले बोट माथ्यावर ठेवावे, ही विनंती.